कॅड आरेखकांचे जीआयएस शिक्षण

संगणकीय आरेखनात, म्हणजे कॅडमध्ये मुरलेल्या व्यक्तीने भौगोलिक माहिती प्रणालीचे, म्हणजे जीआयएसचे सॉफ्टवेअर आत्मसात करण्याची प्रक्रिया. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत जमीन मोजणी, उपसा सिंचन, नगररचना किंवा पूररेषेची कामे करणारा आरेखक ऑटोकॅड (१९८२) या कॅड सॉफ्टवेअरवर तयार झालेला असेल, तर त्याच्यापुढे प्रामुख्याने दोन पर्याय असतात : गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये सुरू केलेले विनामूल्य क्यूजीआयएस आणि एझ्री कंपनीचे आर्कजीआयएस.

रेषा, लेयर (आरेखनाचे थर) आणि स्नॅप (नवी रेषा आधीच्या बिंदूला नेमकी चिकटवणे) कॅड व जीआयएस दोन्हीकडे असल्याने नवे सॉफ्टवेअर ओळखीचे वाटते, आणि अडचणीचे मूळ या ओळखीतच असते. शेजारच्या दोन गटांमधला (जमिनीच्या तुकड्यांमधला) बांध कॅडमध्ये एकदाच काढला जातो आणि गट क्रमांक मधोमध मजकूर म्हणून लिहिला जातो. क्रमांक व जमीन यांचा संबंध वाचणाऱ्याच्या नजरेत असतो, फाइलमध्ये नसतो. जीआयएसमध्ये गट हा बंदिस्त बहुभुज असून क्रमांक, क्षेत्र, पीक अशी माहिती असलेली तक्त्यातील एक ओळ त्याला जोडलेली असते. बांध दोन्ही बहुभुजांच्या मालकीचा होतो, म्हणून दोघांचे शिरोबिंदू तंतोतंत जुळावे लागतात. न जुळल्यास मध्ये चिंचोळी फट राहते किंवा तीच जमीन दोनदा मोजली जाते. छापील नकाशावर झाकली जाणारी चूक येथे गुंठ्यांच्या बेरजेत उघडी पडते. रंगसुद्धा हाताने द्यायचा नसतो. बागायत की जिरायत हे तक्त्यातील नोंदीवरून ठरते.

सर्वांत अवघड भाग निर्देशांकांचा, म्हणजे बिंदूचे स्थान सांगणाऱ्या आकड्यांचा. टोटल स्टेशन या मोजणी उपकरणाच्या कामात पहिल्या बिंदूला १०००, १००० असे मानीव निर्देशांक देण्याची पद्धत कॅडमध्ये निर्धोक असते, कारण तेथे नकाशा पृथ्वीवर कोठे आहे हा प्रश्नच उद्भवत नाही. सातारा व सांगली ही दोन्ही शहरे यूटीएमच्या, म्हणजे गोल पृथ्वी पट्ट्यापट्ट्याने सपाट नकाशावर उतरवणाऱ्या प्रक्षेपणाच्या, ४३ उत्तर पट्ट्यात (७२° ते ७८° पूर्व, सॉफ्टवेअरमधील संकेतांक ईपीएसजी ३२६४३) येतात. मानीव आकडे तसेच ठेवून हा पट्टा निवडला, तर साताऱ्यातील शिवार मालदीवच्या पश्चिमेला, विषुववृत्तालगत हिंदी महासागरात जाऊन पडते. जुन्या, एव्हरेस्ट लंबगोलावर (पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणिती प्रतिमानावर) आधारलेल्या स्थलदर्शक नकाशांवरून घेतलेले निर्देशांक डब्ल्यूजीएस ८४ चे, म्हणजे जीपीएस वापरते त्या प्रणालीचे समजून वापरल्यास या भागात शंभर मीटरहून अधिक सरक येते, आणि ही चूक अधिक फसवी, कारण नकाशा जवळपास बरोबर दिसतो. योग्य पट्ट्यातही सांगलीजवळचे १ किलोमीटर अंतर प्रक्षेपणामुळे सुमारे ३७ सेंटीमीटरने कमी भरते.

डीएक्सएफ ही कॅडची देवाणघेवाणीची फाइल जीआयएसमध्ये आणताना वर्तुळकंसांचे सरळ तुकडे होतात आणि सुट्या रेषांपासून बहुभुज वेगळे तयार करावे लागतात. युनिकोडपूर्व मराठी फाँटांतील गावांची नावे तर निरर्थक रोमन अक्षरे होऊन उतरतात. शेपफाइल या जुन्या, रूढ जीआयएस फाइल-प्रकारात तक्त्यातील स्तंभाच्या नावाला १० बाइटांची मर्यादा असते. यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेत असल्याने ‘क्षेत्र’ एवढा शब्दही त्यात मावत नाही. जिओपॅकेज या नव्या फाइल-स्वरूपात ही अडचण नाही, म्हणून नवशिक्याने आरंभापासून तेच वापरणे बरे.

कॅडमध्ये क्वचितच हाताळला जाणारा प्रकार म्हणजे रास्टर, चौकटीगणिक एक मूल्य, उदाहरणार्थ उंची, नोंदवणारे प्रारूप. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर सांगलीत ज्या प्रश्नांना महत्त्व आले, त्यांची उत्तरे अशाच प्रारूपांतून मिळतात : पाण्याची पातळी बदलली की पूररेषा पुन्हा काढावी लागत नाही, ती गणिताने मिळते. मात्र सांगलीतील कृष्णेवरच्या आयर्विन पुलावरील पातळी फुटांत व स्थानिक शून्यापासून मोजलेली असते, प्रारूपातील उंची मीटरमध्ये असते, आणि कृष्णेच्या पाण्याला उतार असल्याने पुलाजवळचा आकडा वरच्या गावांना जसाच्या तसा लावता येत नाही.