प्रारंभक, मोटारगाडीचा : दोष व निदान

पेट्रोल एंजिनाचा क्रँकशाफ्ट (पिस्टनांमुळे फिरणारा मुख्य दांडा) पहिला स्फोट होईपर्यंत बाहेरून फिरवावा लागतो. बॅटरीवर चालणारी जी मोटर हे काम करते तिला प्रारंभक आणि बोलण्यात ‘सेल्फ’ म्हणतात. ‘गाडी सेल्फ घेत नाही’ ही तक्रार सर्वपरिचित आहे. येथे कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर व पॉइंट असलेल्या जुन्या गाड्यांपुरताच विचार केला आहे.

उगम : विजेने एंजिन सुरू करण्याचा पहिला मान कोणाचा, याबद्दल एकमत नाही. इंग्लंडमध्ये एच. जे. डाउझिंग या विद्युत् अभियंत्याने १८९६ च्या सुमारास बेंझ धर्तीच्या आर्नल्ड गाडीवर अशी मोटर बसवल्याचे सांगतात. तिचा प्रसार मात्र झाला नाही. अमेरिकेत क्लाइड कोलमन यांना १९०३ मध्ये पेटंट मिळाले. व्यवहारात टिकलेली रचना चार्ल्स केटरिंग यांची. डेटन (ओहायओ) येथील डेल्को कंपनीत ती सिद्ध झाली आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत प्रथम विक्रीस आली. एंजिन हाताने फिरवण्याचे हँडल उलटे फिरून बायरन कार्टर हे गाडीनिर्माते जखमी झाले व त्यातच दगावले, म्हणून कॅडिलॅकच्या हेन्री लेलंड यांनी हा ध्यास घेतला, ही कथा बहुतेक पुस्तकांत आढळते. कार्टर यांचा मृत्यू १९०८ मधला. कथेतील प्रसंग मात्र काही ठिकाणी १९१० चा दिलेला असतो, आणि मृत्यूचे कारण न्यूमोनिया असल्याचेही नमूद आहे. तेव्हा कथा प्रेरणेपुरती घ्यावी, पुरावा म्हणून नव्हे. केटरिंग यांचे खरे श्रेय एका निरीक्षणात आहे. त्यांनी आधी गल्ल्याच्या यंत्रासाठी मोटर बनवली होती. क्षणभरच चालणाऱ्या मोटरीवर तिच्या नेहमीच्या क्षमतेच्या कितीतरी पट भार टाकता येतो, हे त्यांना त्या कामातून ठाऊक होते. त्यामुळेच मोटर लहान राहिली. आणि त्यामुळेच सेल्फ सलग १०-१५ सेकंदांहून अधिक मारू नये, मध्ये थांबावे.

निदानाचे तत्त्व : लहान चार सिलिंडरच्या एंजिनाला फिरताना साधारणपणे १०० ते २०० अँपिअर प्रवाह लागतो. दिवे, हॉर्न, वायपर यांपैकी कशालाच एवढा लागत नाही. टर्मिनलवरच्या पांढऱ्या-हिरव्या थरामुळे ०·०१ ओहम रोध वाढला, तर १५० अँपिअरला १·५ व्होल्ट तेथेच खर्च होतात. इतका रोध साध्या ओहममापकावर दिसतही नाही. ‘हॉर्न जोरात वाजतो, म्हणजे बॅटरी चांगली’ हा तर्क म्हणूनच फसवा आहे. मोजमाप भाराखाली, म्हणजे सेल्फ मारत असतानाच घ्यावे.

स्वस्थ, पूर्ण भारित १२ व्होल्टच्या बॅटरीवर १२·६ च्या आसपास व्होल्ट मिळतात. १२·२ म्हणजे ती सुमारे निम्मी उतरलेली असते. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून आणि एंजिन पेटू नये म्हणून कॉइलची (ठिणगीसाठी उच्च दाबाची वीज बनवणाऱ्या गुंडाळीची) जाड वायर काढून अर्थला (गाडीच्या धातूच्या अंगाला) जोडून सेल्फ मारावा. बॅटरी ९·६ व्होल्टच्या खाली गेली, तर ती दुबळी आहे किंवा मोटर अवाजवी प्रवाह ओढते आहे. बॅटरी टिकली आणि सेल्फ मंद राहिला, तर मापकाचे एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर (क्लॅम्पवर नव्हे) व दुसरे सेल्फच्या टर्मिनलवर धरून पुन्हा पाहावे. सबंध मार्गात अर्ध्या व्होल्टहून जास्त घट दिसल्यास दोष वायर, सांधे वा सोलेनॉइडच्या (किल्ली फिरवताच मोटरीचा जाड प्रवाह जोडणाऱ्या विद्युत्-चुंबकी स्विचच्या) संपर्कांत असतो. हीच चाचणी बॅटरीचा अर्थचा खुंट आणि सेल्फचे अंग यांच्यातही करावी; ती बहुधा राहून जाते. एंजिन रबरी गाद्यांवर बसलेले असल्याने त्याला बॉडीशी जोडणारी अर्थपट्टी लागते. ती तुटली की प्रवाह चोक किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो, आणि सेल्फ मारताना ती केबल तापते.

मापक नसेल तर हेडलाइट लावून सेल्फ मारतात. दिवे खूप मंदावले, तर बॅटरी उतरलेली किंवा मोटर अडकलेली असते. पूर्ण विझले, तर बहुधा टर्मिनल सैल असते. जराही बदलले नाहीत, तर प्रवाह मोटरीत पोचतच नाही. सोलेनॉइड ‘टकटकटक’ करत राहिला, तर त्याचे संपर्क मिटताच व्होल्ट कोसळतात व तो सुटतो, असे समजावे. एकच ‘टक’ झाल्यास जळके संपर्क किंवा झिजलेले कार्बन (मोटरीच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे ब्रश) यांचा संशय घ्यावा. पान्याने हलके ठोकल्यावर सेल्फ फिरला, तर दोष बहुधा कार्बनचा. उपाय मात्र तेवढ्या दिवसापुरताच. मोटर घरघरते पण एंजिन फिरत नाही, अशा वेळी जुन्या पद्धतीच्या प्रारंभकात बेंडिक्सचा (मोटरीचे दातेरी चाक एंजिनाच्या चाकात गुंतवणाऱ्या यंत्रणेचा) आटा मळीने जाम झालेला आढळतो. त्याला तेल देऊ नये. तेलावर धूळ बसून तो पुन्हा अडकतो.

एंजिन फिरते पण पेटत नाही, हा वेगळा दोष. काही गाड्यांत कॉइलला एरवी बॅलास्ट रोधातून (कॉइलवरचे व्होल्ट कमी ठेवणाऱ्या रोधातून) वीज मिळते व सेल्फ मारताना थेट बॅटरीतून. किल्ली सोडताच एंजिन बंद पडत असेल, तर तो रोध तुटला आहे का, हे आधी पाहावे.

भारतीय गाड्या : मॉरिस ऑक्सफर्डवरून उत्तरपाड्यात बनलेली अँबॅसेडर आणि कुर्ल्याच्या कारखान्यातील प्रीमियर पद्मिनी या गाड्यांवर वायरमनांच्या कित्येक पिढ्या हे काम शिकल्या. बॅटरी बसली की हँडल मारणे किंवा धक्का देणे हे उपाय तेव्हा सर्रास चालत.

धनाग्र अर्थ : १९६० च्या दशकापूर्वीच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे. अशा गाडीत बॅटरी उलटी जोडली तरी सेल्फ नेहमीच्याच दिशेने फिरतो, कारण एकसरी मोटरीत क्षेत्र (चुंबक बनवणारी स्थिर गुंडाळी) व आर्मेचर (फिरणारी गुंडाळी) या एकामागे एक जोडलेल्या दोन्हींतील प्रवाह एकदमच उलटतो. चूक लक्षात येते ती अँमीटरचा काटा उलटा हलल्यावर, आणि तोवर रेडिओ जळालेला असू शकतो.