ओपनस्ट्रीटमॅप माहिती-संकलन ॲपची रचना

ओपनस्ट्रीटमॅप हा स्वयंसेवकांनी घडवलेला आणि कोणालाही वापरता येणारा जगाचा नकाशा असून, त्यासाठीची माहिती प्रत्यक्ष जागेवर फिरून नोंदवता यावी म्हणून मोबाइल ॲपची आखणी कशी केली जाते, हा या नोंदीचा विषय आहे. स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ मध्ये ब्रिटनमध्ये हा प्रकल्प सुरू केला.

या नकाशातील प्रत्येक गोष्ट बिंदू, रेषा किंवा त्यांच्यातील संबंध या रूपात साठवली जाते आणि तिचे वर्णन टॅगद्वारे, म्हणजे गुणधर्म आणि त्याचे मूल्य अशा छोट्या जोड्यांद्वारे, होते. नोंद करणाऱ्याला हे टॅग ठाऊक असावेत की नसावेत, यावर ॲपचे रूप ठरते. वेस्पुची हे अँड्रॉइड ॲप जवळजवळ पूर्ण संपादन हाती देते; उलट स्ट्रीटकम्प्लीट आसपासच्या अपुऱ्या नोंदी हेरून रस्ता डांबरी आहे की सिमेंटचा, दुकान किती वाजता उघडते, असे साधे प्रश्न विचारते. नवख्यासाठी दुसरी पद्धत उजवी आहे, मात्र प्रश्न ठरवणाऱ्याला शहराची रीत माहीत हवी. नागपुरात पत्ता सांगताना रस्त्याच्या नावापेक्षा चौक आणि ले-आउट (भूखंड पाडून वसवलेल्या वसाहती) पुढे येतात. व्हेरायटी चौकाला मिळणाऱ्या रस्त्यांची नावे विचारणाऱ्या ॲपने आधी चौकाचेच नाव विचारावे. छेदनबिंदूला नाव देण्याची सोय टॅगपद्धतीत आहेच. सीताबर्डीला लोक बर्डीच म्हणतात, म्हणून पर्यायी नावाचा वेगळा रकानाही लागतो. ‘सांगता येत नाही’ हे बटण तर उत्तरांच्या पर्यायांइतकेच ठळक असावे, कारण रिकामी जागा पुढे कोणीही भरू शकतो, पण अंदाजाने भरलेले उत्तर खऱ्यासारखेच दिसत राहते.

मोकळ्या आकाशाखाली मोबाइलचे जीपीएस साधारण पाच मीटरपर्यंत अचूक असते. इतवारी किंवा महालच्या अरुंद गल्ल्यांत भिंतींवरून परावर्तित होणाऱ्या संकेतांमुळे चूक वाढते आणि दुकान समोरच्या रांगेत जाऊन बसते. म्हणून खूण बोटाने सरकवता आली पाहिजे. मे महिन्याच्या उन्हात पडदा वाचता यावा यासाठी ठळक रंगभेद आणि मोठी बटणे आवश्यक ठरतात. नागपूरकरांना याचे कारण सांगायला नको.

नेटवर्क नसताना नोंदी फोनमध्ये साठवून नंतर पाठवाव्या लागतात आणि खरी अडचण तेव्हाच उद्भवते. दरम्यान त्याच दुकानाची नोंद दुसऱ्याने बदललेली असल्यास प्रत्येक बदलागणिक वाढणारा तिचा आवृत्ती क्रमांक जुळत नाही व सर्व्हर बदल नाकारतो. अशा वेळी ॲपने दोन्ही नोंदी समोरासमोर दाखवून निवड वापरकर्त्यावर सोपवावी. स्वीकारलेले बदल चेंजसेट नावाच्या गटात जमा होतात, आणि त्याला जोडलेल्या टिप्पणीवरून इतरांना ते तपासता येतात.

ओपनस्ट्रीटमॅपची माहिती २०१२ पासून ओडीबीएल या खुल्या परवान्याखाली दिली जाते. इतरांच्या हक्कांची माहिती अशी खुली करता येत नाही. त्यामुळे गूगल मॅप्सवरून नावे उतरवून घेणे निषिद्ध आहे, आणि ॲपमध्ये पार्श्वभूमी म्हणून परवानगी असलेलीच उपग्रहचित्रे ठेवावी लागतात.