दागिने टपालानं दान करताय? डबा बांधण्याआधी हे वाचा

आई गेल्यावर कपाटात राहिलेली बोरमाळ, तुटक्या साखळ्या, जोडीतलं एकच उरलेलं कानातलं. मोड करायला मन धजत नाही आणि घालणारं कुणी नाही, म्हणून पुण्या-मुंबईच्या एखाद्या संस्थेला पाठवून द्यायचं ठरतं. सोलापुरात असा विचार करणारी माणसं पुष्कळ आहेत. पण पाकीट परत येतं, नाहीतर ‘कागदपत्रे अपुरी’ असा शेरा मिळून तिकडं पडून राहतं. अडचणी ठरलेल्या आहेत, म्हणून त्यांच्यावरच जास्त लिहितोय.

सर्वांत आधी संस्थेचा लेखी होकार घ्या. न विचारता पाठवलेला डबा म्हणजे संस्थेच्या डोक्याला ताप. कायद्यानं दान पूर्ण होण्यासाठी घेणाऱ्यानं ते स्वीकारावं लागतं, तेही देणारा हयात असताना. दागिन्यांसारखी जंगम वस्तू प्रत्यक्ष ताब्यात दिली आणि समोरच्यानं स्वीकारली की दान झालं. त्यासाठी ५०० रुपयांचा स्टॅम्प, नोटरी, दानपत्र यातलं काहीच सक्तीचं नाही. तरी कोर्टाबाहेरच्या टेबलावर पैसे घालवून लोक येतात आणि सर्वांत आधी लागणारा कागद, म्हणजे संस्थेचं स्वीकृतिपत्र, तेवढा नसतो. वस्तूंची यादी, अंदाजे वजन आणि फोटो पाठवून आधी होकार मागवा. संस्थेचा धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांकही विचारून घ्या. नोंदलेल्या न्यासाला तो सांगायला अडचण नसते.

देण्याचा हक्क कुणाला? ज्याच्या मालकीचं आहे त्याला, आणि तो सज्ञान हवा. गहाण सोनं, लहान मुलाचे वाळे-बिंदल्या यांना हात लावू नका. बायकोचं स्त्रीधन नवऱ्याच्या सहीनं देता येत नाही. ते पूर्णपणे तिचं असतं, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये पुन्हा सांगितलं आहे. संस्थेच्या दानाच्या अर्जावर घरातल्या कर्त्या पुरुषाची सही घ्यायची सवय मात्र काही सुटत नाही.

खरी खोळंबा करणारी गोष्ट म्हणजे खरेदीचं बिल. तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या पाटल्यांचं बिल कुणाकडं असणार? तरी छापील अर्जात तो रकाना असतो आणि पलीकडचा कारकून तो रिकामा पाहून अर्ज बाजूला ठेवतो. रकान्यात ‘नाही’ एवढंच लिहून सोडू नका. साध्या कागदावर निवेदन द्या की दागिना कुणाचा होता, तुमच्याकडं कसा आला, त्यावर कर्ज किंवा वाद नाही. सोबत ओळखीच्या सराफाकडून वजन आणि टंच (सोन्याची शुद्धता) लिहिलेली चिठ्ठी घ्या. हॉलमार्क केंद्रातही तपासून मिळतं. चार नगांपर्यंत २०० रुपये, पाच किंवा जास्त असतील तर नगामागं ४५ रुपये. जुन्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा ओळख क्रमांक, नसला म्हणून तो दान करायला अपात्र ठरत नाही. ती सक्ती विकणाऱ्या सराफांवर आहे.

दागिने आईचे असतील आणि तिनं मृत्युपत्र केलेलं नसेल, तर हिंदू वारसा कायद्यानुसार मुलगे, मुली आणि तुमचे वडील हयात असतील तर ते, सगळेच हिस्सेदार. सगळ्यांच्या सह्यांचं संमतिपत्र जोडा. लग्न होऊन विजापूरला गेलेल्या बहिणीलाही विचारा. तिला वगळलं की महिन्याभरानं संस्थेला तिचा फोन जातो, आणि मग कुणालाच काही बोलता येत नाही.

आपल्याकडची खास अडचण नावांची. पूर्व भागातल्या तेलुगू घरांत आणि कन्नड घरांतही आधारवर आडनाव आधी, पॅनवर शेवटी, बँकेत नुसती आद्याक्षरं. माणूस एकच असला तरी संगणकाला तीन दिसतात. अर्जात पॅनवरचंच नाव लिहा, बाकीची नावं आपलीच असल्याचं निवेदनात एका ओळीत नमूद करा. आधारची प्रत देताना पहिले आठ अंक झाकलेली द्या.

गुप्तदान करायची इच्छा अनेकांची असते. देवळाच्या हुंडीत ते चालतं. समाजकार्य करणाऱ्या न्यासाला मात्र देणाऱ्याचं नाव-पत्ता नोंदवावा लागतो, नाहीतर ठरावीक मर्यादेपुढच्या निनावी देणग्यांवर ३० टक्के कर बसतो. तुमचं नाव फलकावर नको असेल तर तसं सांगा, वहीत मात्र येऊ द्या.

आता ८०जी, म्हणजे देणगीवर आयकरात मिळणारी सवलत. यावरून सर्वांत जास्त भांडणं होतात. वस्तूच्या दानावर ही सवलत मिळत नाही, दागिना कितीही भारी असो. सवलत हवीच असेल तर दागिना मोडून ती रक्कम चेकनं किंवा ऑनलाइन द्या. रोखीनं २००० रुपयांच्या वर दिलेलं धरत नाहीत. विकताना झालेल्या नफ्यावर कर लागू शकतो, आणि नवी करप्रणाली घेतली असेल तर ८०जीचा उपयोगच नाही. आधी हिशेब करा. पावतीपुस्तकावर ‘८०जी मंजूर, कायमस्वरूपी’ असं छापलेलं दिसलं तर सावध व्हा. २०२१ पासून सगळ्या संस्थांना नव्यानं नोंदणी करावी लागली आहे आणि तिला मुदत असते. ३१ मार्चला धावतपळत चेक टाकणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की करासाठीचं प्रमाणपत्र वर्ष संपल्यावर, साधारण मे अखेरीपर्यंत येतं. एप्रिलमध्ये फोन करून संस्थेच्या बाईंवर ओरडण्यात अर्थ नाही.

बेंटेक्स किंवा ‘एक ग्रॅम’चे, म्हणजे नुसता मुलामा दिलेले दागिने असतील तर यातलं फारसं काही लागत नाही. संस्था घेते का विचारा, साधं पार्सल करा.

सोनं-चांदी कुरिअरनं पाठवू नका. बहुतेक कंपन्यांच्या अटींतच ते वर्ज्य असतं, आणि ‘घरगुती सामान’ लिहून पाठवलेला डबा हरवला तर दावा करायला तोंड उरत नाही. विमा उतरवून टपालानं पाठवा. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं, त्यामुळं काउंटरवर ‘विम्यासह स्पीड पोस्ट’ असं स्पष्ट म्हणा. गावातल्या शाखा कार्यालयापेक्षा सोलापूरच्या मुख्य टपाल कार्यालयात जा. विम्याची रक्कम सराफाच्या चिठ्ठीतल्या किमतीशी जुळणारी लिहा. ती फुगवली तर भरपाई अडते. डब्याच्या वेष्टनाच्या शिवणींवर लाखेची सिलं लावा, सगळ्यांवर एकच खासगी खूण, नाण्याचा ठसा चालत नाही. आत यादीची एक प्रत, दुसरी स्वतःकडं. डबा बंद करण्यापूर्वी दागिने वजनकाट्यावर असतानाचा फोटो काढा.

पोचल्यावर संस्थेच्या पावतीवरचं वजन तुमच्या चिठ्ठीशी ताडून पाहा. फरक दिसला तर त्याच दिवशी लेखी कळवा, फोनवर नको.