लासिक्सचा डोस आणि घोड्याचे पाणी : वादामागची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांना मे २०२३ पासून शर्यतींसाठी एकच औषध-नियमावली लागू झाली. फ्युरोसेमाइड, म्हणजे तबेल्याच्या भाषेत लासिक्स, हे लघवी वाढवून शरीरातले पाणी काढणारे औषध; पळताना फुफ्फुसात होणारा रक्तस्राव कमी व्हावा म्हणून ते देतात. शर्यतीच्या दिवशी ते देण्यावर दोन वर्षांच्या घोड्यांसाठी आणि स्टेक्स, म्हणजे वरच्या दर्जाच्या मोठ्या बक्षिसाच्या, शर्यतींसाठी बंदी आली. बाकीच्या शर्यतींना तीन वर्षांची मुदत मिळाली, तीही त्या काळात संशोधन होईल या अटीवर. भारतासह जगातल्या बहुतेक देशांत शर्यतीच्या दिवशी हे औषध वर्ज्यच आहे. त्यामुळे आपल्याकडच्या पुण्या-मुंबईच्या रेसप्रेमींना हा वाद दूरचा वाटतो. पण वादाच्या तळाशी असलेला प्रश्न कोणत्याही पागेचा आहे. चार तासांत शरीरातून दहा-पंधरा किलो पाणी काढल्यावर घोडा जास्त पळतो, तो फुफ्फुस वाचल्यामुळे की वजन उतरल्यामुळे?

नाकातून रक्त येणारे घोडे जुनेच. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये ‘ब्लीडिंग चाइल्डर्स’ नावाने ओळखला जाणारा घोडा याच दोषामुळे शर्यतीत उतरला नाही. पैदाशीला मात्र वापरला गेला आणि त्याच्याच वंशात पुढे एक्लिप्स हा नामांकित रेसचा घोडा जन्मला. पाण्याच्या बाजूची पहिली ठळक नोंद वसाहतींतली. इंग्लंडहून भारत, मलाया अशा उष्ण मुलखांत आणलेल्या रेसच्या आणि पोलोच्या घोड्यांपैकी काहींचा घाम काही महिन्यांत आटायचा. कातडी कोरडी, नाकपुड्या फुललेल्या, धाप थांबायची नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात याची वर्णने झाली. आज हा दोष ओळखण्यासाठी मानेच्या कातडीत टर्ब्युटॅलिन या घाम आणणाऱ्या औषधाचे वेगवेगळ्या तीव्रतेचे थेंब टोचतात आणि अर्ध्या तासाने कुठे किती घाम फुटला ते पाहतात.

प्रयोगशाळेतले काम खऱ्या अर्थाने १९६० च्या दशकात स्वीडनमध्ये घोड्यांसाठी ट्रेडमिल आली तेव्हा सुरू झाले. १९८२ मध्ये ऑक्सफर्डला घोड्याच्या व्यायाम-शरीरक्रियेवर पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. पुढच्या दहा वर्षांत वेगवान ट्रेडमिल अनेक देशांत बसल्या आणि पळत्या घोड्याच्या फुफ्फुसाच्या रोहिणीत नळी ठेवून दाब मोजता येऊ लागला.

त्या काळात पक्की झालेली पहिली गोष्ट घामाची. माणसाचा घाम रक्तापेक्षा पातळ असतो, घोड्याचा नाही. त्यात सोडियम जवळपास रक्ताइतकेच असते, क्लोराइड आणि पोटॅशियम रक्ताहून जास्त. उन्हात लांब पल्ल्याला ५०० किलोचा घोडा तासाला १० ते १५ लिटर घाम गाळू शकतो. लगामाखाली आणि मांड्यांमध्ये दिसणारा साबणासारखा फेस लॅदरिन या प्रथिनामुळे येतो; त्याच्यामुळे घाम दाट केसांतून पसरतो आणि लवकर उडतो. घामातून पाण्याबरोबर मीठही त्याच प्रमाणात गेल्यामुळे रक्त दाट झाल्याची खबर मेंदूला मिळत नाही आणि तहान लागत नाही. वीस लिटर गमावलेला घोडा बादलीत तोंड घालून बाजूला होतो. मोतद्दार म्हणतो, “पाणी नको म्हणतोय, म्हणजे ठीक आहे.” तो ठीक नसतो.

यावरचा उपाय सोपा निघाला. कामानंतरची पहिली बादली ०.९ टक्के मिठाच्या पाण्याची द्यायची, म्हणजे १० लिटरला ९० ग्रॅम मीठ, आणि त्यानंतर साधे पाणी. मीठ पोटात गेल्यावर तहान टिकून राहते आणि घोडा एकूण जास्त पितो. अशा प्रयोगांत २० अंशांच्या आसपासचे पाणी १० किंवा ३० अंशांच्या पाण्यापेक्षा जास्त प्यायले गेले. सवय नसलेला घोडा खारट बादली उलटवून देतो, म्हणून हे ऐन स्पर्धेच्या दिवशी सुरू करायचे नसते. क्षारांची दाट पेस्ट तोंडात भरून पाणी न देणे तर उलटेच काम करते. पेस्ट आतड्यात पाणी ओढून घेते आणि रक्तद्रव, म्हणजे रक्तातला पेशी सोडून उरलेला पातळ भाग, आणखी कमी होतो.

मोजमापाची अडचण वेगळी. कातडीची चिमूट धरून पाहणे मानेवर एक सांगते आणि खांद्यावर दुसरे. नुसता पीसीव्ही, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचे शेकडा प्रमाण, तर फसवाच, कारण घोड्याच्या प्लीहेत लाल पेशींचा मोठा साठा असतो. घोडा उधळला किंवा नुसता बिचकला तरी तो साठा रक्तात येतो. विश्रांतीत ३५ ते ४० असलेला पीसीव्ही कामानंतर ६० च्या पुढे जातो, तो पाणी कमी झाल्यामुळे नव्हे. म्हणून रक्तातली एकूण प्रथिनेही सोबत पाहायची, आणि शक्य असेल तिथे वजनकाटा. एक किलो म्हणजे साधारण एक लिटर.

आता मुख्य वाद. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात लवचिक एंडोस्कोप तबेल्यात पोहोचले आणि शर्यतीनंतर अर्ध्या-दोन तासांत श्वासनलिकेत नजर टाकता येऊ लागली. नाकातून रक्त फार थोड्या घोड्यांच्या येते, पण श्वासनलिकेत ते चाळीस टक्क्यांहून जास्त घोड्यांत सापडले. पुढच्या पाहण्यांत आकडा वाढत गेला. कारण ट्रेडमिलने दाखवले. पूर्ण वेगात हृदय मिनिटाला २२० च्या पुढे धडकते, फुफ्फुसाच्या केशवाहिन्यांतला दाब १०० मिलिमीटरच्या आसपास चढतो, त्याच वेळी श्वास आत ओढताना हवेच्या बाजूचा दाब खाली जातो, आणि मधली अतिपातळ भिंत फाटते. म्हणजे हा काही मोजक्या घोड्यांचा आजार नाही. जोरात पळणाऱ्या थरोब्रेडच्या शरीररचनेतच तो आहे.

पण नियम या ज्ञानाच्या आधी झाले होते. अमेरिकेतल्या एका राज्याने १९७४ मध्ये शर्यतीच्या दिवशी लासिक्सला परवानगी दिली, इतर राज्ये एकामागून एक आली, शेवटचे मोठे राज्य १९९५ मध्ये. तेव्हा औषध रक्तस्राव थांबवते याचा भक्कम पुरावा नव्हता. ट्रेनरांचा अनुभव होता आणि सुरुवातीला फक्त ‘ब्लीडर’ प्रमाणित झालेल्या घोड्यांनाच सवलत होती. तो दाखला मिळवणे हळूहळू औपचारिकता बनली. १९९९ मध्ये २२,५८९ घोड्यांच्या नोंदी तपासल्या तेव्हा ७४ टक्क्यांना औषध दिलेले होते. औषध घेतलेले घोडे जास्त वेगाने पळाले, जास्त जिंकले आणि सहा फर्लांगांत ३ ते ५.५ लेंग्थचा (एक लेंग्थ म्हणजे एका घोड्याची लांबी) फरक निघाला. रोगावरचे औषध म्हणून आत आलेली गोष्ट इतक्या घोड्यांत आणि इतक्या फरकाने वापरली जात असेल, तर तिला उपचार म्हणत राहणे कठीण आहे.

दुसऱ्या बाजूचा सर्वांत मजबूत पुरावा खूप उशिरा, २००९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून आला. १६७ घोडे दोनदा पळवले, एकदा औषधावर आणि एकदा सलाइनवर, आणि एंडोस्कोपी करणाऱ्यांना काय दिले ते माहीत नव्हते. सलाइनवर रक्तस्राव होण्याची शक्यता तिपटीहून जास्त, आणि मध्यम-तीव्र स्रावाची सात ते अकरा पट निघाली. सलाइनवर रक्त दिसलेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश घोड्यांची रक्तस्रावाच्या तीव्रतेची श्रेणी औषधाने किमान एकाने उतरली. औषध काम करते, यावर त्यानंतर शास्त्रीय वाद उरला नाही. उरलेल्या घोड्यांना मात्र औषध असूनही रक्त आलेच, हे परवानगीच्या बाजूचे लोक घाईने ओलांडून जातात.

वजनाचे काय? १९९६ मध्ये ट्रेडमिलवर एक साधा प्रयोग झाला. औषध दिलेल्या घोड्यांच्या पाठीवर त्यांनी गमावलेल्या वजनाइतकेच शिसे चढवले. फायदा जवळजवळ नाहीसा झाला. हँडिकॅपर, म्हणजे कोणत्या घोड्याने किती वजन वाहायचे ते ठरवणारा, अर्ध्या-अर्ध्या किलोवर डोके खपवतो आणि इथे सुईच्या एका टोचणीने दहा-पंधरा किलो उतरतात, याकडे नियम करणाऱ्यांनी पंचवीस वर्षे दुर्लक्ष केले, असे म्हणण्यावाचून गत्यंतर नाही. आणि दोन्ही परिणाम एकाच क्रियेतून येतात. औषध मूत्रपिंडातल्या वळणावर सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड परत शोषू देत नाही, लघवी पहिल्या तासातच धो-धो होते, रक्तद्रव कमी होतो, म्हणून फुफ्फुसातला दाब थोडा उतरतो. दाब उतरवायचा आणि वजन उतरू द्यायचे नाही, असा डोस मिळणे शक्य नाही.

व्यवहारातला नियम असा बसला : १५० ते ५०० मिलिग्रॅम, फक्त शिरेतून, शर्यतीच्या चार तास आधी, खाजगी नव्हे तर नियामक पशुवैद्याच्या हातून. त्यामागे फुफ्फुसापेक्षा प्रयोगशाळेची काळजी जास्त होती. पातळ लघवीत दुसरी औषधे सापडत नाहीत. त्यामुळे लघवीची घनता १.०१० च्या खाली आणि रक्तात औषध मिलिलिटरला १०० नॅनोग्रॅमहून जास्त, अशी दोन्ही मिळाली की उल्लंघन. डोस चोवीस तास आधी देऊन पाहिला, पण तो चार तासांइतका प्रभावी ठरला नाही.

एक गुंता आणखी. क्लोराइड गेल्यामुळे रक्त अल्कलीकडे झुकते. त्याच सुमारास काही तबेल्यांत ‘मिल्कशेक’ची लबाडी चालू होती : नाकातून नळी घालून साधारण अर्धा किलो खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून सोडायचा, म्हणजे स्नायूंतले आम्ल उशिरा जाणवते. ते पकडण्यासाठी रक्तातल्या एकूण कार्बन डायऑक्साइडची मर्यादा आली, बऱ्याच देशांत लिटरला ३६ मिलिमोल. अमेरिकेतल्या काही राज्यांनी साध्या घोड्यासाठी ३७ आणि लासिक्सवरच्या घोड्यासाठी ३९ ठेवली. एका परवानगीने दुसऱ्या लबाडीला दोन मिलिमोलची मोकळीक दिली.

संप्रेरकांकडे लक्ष या सगळ्यात मागे पडले, ते योग्य नव्हते. प्रशिक्षणाच्या पहिल्या दोन आठवड्यांत घोड्याचा रक्तद्रव २० ते ३० टक्क्यांनी वाढतो. रेनिन, अल्डोस्टेरॉन आणि व्हॅसोप्रेसिन ही मीठ-पाणी सांभाळणारी द्रव्ये प्रत्येक कामात वर जातात, मूत्रपिंड सोडियम आणि पाणी धरून ठेवते. लाल पेशींना याहून बराच वेळ लागतो. ट्रेनर आठवडे खर्चून जो साठा उभा करतो, त्यावरच शर्यतीच्या सकाळी डोस घाव घालतो. व्यायाम करणाऱ्या थरोब्रेडवर झालेल्या अलीकडच्या कामात डोसनंतर तीन दिवसांपर्यंत कॅल्शियमचा तोटा दिसला आहे. हाडांचा विचार करणाऱ्यांनी तो नजरेआड करू नये.

अल्डोस्टेरॉनच्या दैनंदिन लयीवर १९८० च्या दशकात झालेले काम आजही पुरेसे वाचले जात नाही. दिवसातून दोनदा भरपूर दाणा दिला की लाळेतून आणि पचनरसांतून पाणी आतड्यात धावते, तासाभरात रक्तद्रव १५ टक्क्यांपर्यंत घटतो, आणि रेनिन-अल्डोस्टेरॉन जागे होतात. तोच चारा थोडा-थोडा दिवसभर दिला तर हे होत नाही. म्हणजे जी लय घोड्याची वाटते ती बरीचशी बादलीची असते. रक्त काढताना शेवटचा दाणा कधी पडला ते लिहिलेले नसेल, तर त्या आकड्याला अर्थ नाही.

कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाचे तसेच. सकाळी जास्त, संध्याकाळी कमी, ही लय घोड्यात आहे की नाही यावर जुने निबंध एकमेकांशी भांडतात. १९९० च्या दशकात उलगडा झाला : ओळखीच्या जागी, सुईची सवय असलेल्या घोड्यात लय स्वच्छ दिसते, आणि अनोळखी जागी नेले की पुसली जाते. पहाटेच्या ट्रॅकवर्कनंतर घेतलेल्या एका नमुन्यात दिवसाचा चढ, व्यायामाचा चढ आणि परक्या जागेचा चढ एकत्र मिसळलेले असतात. त्यावरून घोडा ‘ओव्हरट्रेन’ झाला असा निष्कर्ष काढणारे आजही भेटतात.

उष्णतेच्या बाजूला १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकने धक्का दिला. तीन दिवसांच्या स्पर्धेत घोडे थकून गळाले आणि १९९६ च्या अटलांटासाठी आधीच संशोधन झाले : अंतर कमी, विश्रांती जास्त, तुषारांचे पंखे, बर्फाचे पाणी. तापलेल्या स्नायूंवर थंड पाणी ओतले तर ते आखडतात, ही समजूत त्या प्रयोगांत टिकली नाही. पाणी सतत ओतायचे, खरडून काढण्यात वेळ घालवायचा नाही. पुण्याच्या पावसाळी हंगामात, दमट हवेत घाम उडत नाही तेव्हा, हेच सर्वांत उपयोगी पडते.

लासिक्स नसलेल्या देशांतही प्रश्न संपलेला नाही, फक्त त्याला कागद नाही. शर्यतीच्या आदल्या रात्री बादली काढून घेणे ही जुनी पद्धत अनेक पागांत आहे. परिणाम औषधापेक्षा लहान, पण दिशा तीच. मोठ्या आतड्यात कितीतरी लिटर पाणी चाऱ्याच्या तंतूंत धरलेले असते. चाराही कमी केला की तो साठाही जातो, आणि पोटशूळाचा धोका वाढतो. हे कोणत्याही औषध-चाचणीत सापडत नाही. जपान आणि हाँगकाँग प्रत्येक शर्यतीआधी घोड्याचे वजन जाहीर करतात. मागच्या शर्यतीपेक्षा बारा किलो कमी दिसले, तर पंटरलाही, म्हणजे पैज लावणाऱ्यालाही, प्रश्न विचारता येतो. इतका स्वस्त पुरावा बाकीच्या ठिकाणी सक्तीचा का नाही, याचे पटेल असे उत्तर शर्यतीच्या नियामकांनी अजून दिलेले नाही.