सर्व्हरचं ट्रॅफिक बघायचंय? मग स्विच घेताना हे तपासा

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा उद्यमनगरातल्या मध्यम कारखान्याचं नेटवर्क साधारण एकसारखंच असतं. ऑफिसच्या कोपऱ्यात सर्व्हर, त्यावर अकाउंट आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर, वीस-पंचवीस कॉम्प्युटर, सोळा कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, आणि या सगळ्यांना जोडणारा चोवीस पोर्टचा साधा स्विच. सकाळी अकराच्या सुमारास एन्ट्री अडकायला लागते. कोणी म्हणतं सर्व्हर जुना झाला, कोणी इंटरनेटवाल्याला फोन लावतं. खरं कारण केबलमधून काय वाहतंय ते बघितल्याशिवाय कळत नाही, आणि साधा स्विच ते बघू देत नाही.

तो का बघू देत नाही, हे समजलं की खरेदी सोपी होते. प्रत्येक नेटवर्क कार्डाला स्वतःचा मॅक पत्ता असतो. स्विच येणाऱ्या प्रत्येक फ्रेमवरचा, म्हणजे डेटाच्या तुकड्यावरचा, पाठवणाऱ्याचा पत्ता वाचतो आणि तो कोणत्या पोर्टवर आहे याची नोंद स्वतःच्या तक्त्यात ठेवतो. पुढे त्या पत्त्यासाठी काही आलं की ते फक्त त्याच पोर्टवर जातं. म्हणून रिकाम्या पोर्टला लॅपटॉप लावून वायरशार्क (ट्रॅफिक नोंदवून दाखवणारं सॉफ्टवेअर) चालवलं तर सर्वांसाठी दिलेल्या हाका आणि लॅपटॉपचं स्वतःचं बोलणं एवढंच दिसतं. सर्व्हर आणि अकाउंट विभाग यांच्यात गीगाबिटने डेटा वाहत असला तरी लॅपटॉपच्या पडद्यावर शांतताच. ‘नेटवर्कवर काही लोड नाही’ असा चुकीचा निष्कर्ष इथेच निघतो.

ट्रॅफिक बघणं म्हणजे दोन वेगळी कामं आहेत. एक, किती वाहतंय ते मोजणं. दुसरं, कोणाकडून कोणाकडे वाहतंय ते पाहणं. पहिल्यासाठी स्विचमध्ये एसएनएमपी हवं, म्हणजे स्विचमधली मोजणी दुसऱ्या कॉम्प्युटरवरून वाचायची सोय. दुसऱ्यासाठी पोर्ट मिररिंग, म्हणजे एका पोर्टवरच्या ट्रॅफिकची नक्कल दुसऱ्या पोर्टवर सोडणं. खोक्यावरचे ‘स्मार्ट’, ‘प्लस’, ‘मॅनेज्ड’ हे शब्द यातलं काहीच नक्की सांगत नाहीत. टीपी-लिंकचा टीएल-एसजी१०८ई किंवा नेटगिअरचा जीएस३०८ई हे आठ पोर्टचे स्विच चार आकडी रकमेत येतात, त्यांत मिररिंग आणि व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगवेगळी नेटवर्क पाडायची सोय) आहे, पण एसएनएमपी नाही. त्याच कंपन्यांच्या टीएल-एसजी२००८ आणि जीएस३०८टी या वरच्या पायरीवरच्या मॉडेलांत दोन्ही मिळतं. नावात एका अक्षराचा किंवा आकड्याचा फरक असतो, म्हणून दुकानदाराच्या शब्दावर न जाता कंपनीची डेटाशीट उघडून हे दोन शब्द शोधावेत. हार्डवेअरची आवृत्तीही बघावी. एकाच नावाच्या स्विचच्या दोन आवृत्त्यांचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, बरेचदा एकमेकांना चालत नाही.

खर्च वाचवायचा असेल तर चोवीस पोर्टचा मोठा स्विच बदलायची गरज नसते. पाच किंवा आठ पोर्टचा स्मार्ट स्विच मोठा स्विच आणि सर्व्हर यांच्या मध्ये घालायचा. आठ पोर्टचा धरला तर मोठ्या स्विचकडून येणारी केबल पोर्ट १ मध्ये, सर्व्हर पोर्ट २ मध्ये, आणि निरीक्षणाचा कॉम्प्युटर पोर्ट ८ मध्ये. मग ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या स्विचच्या सेटिंगच्या पानावर मिररिंग चालू करून स्रोत पोर्ट २, दिशा येणारी-जाणारी दोन्ही, आणि नक्कल पोर्ट ८ वर. हे काम जेवणाच्या सुट्टीत होतं, कारण सर्व्हरची केबल जेमतेम मिनिटभर निघते. इंटरनेटचा वापर बघायचा असेल तर हाच स्विच राउटर आणि मोठ्या स्विचच्या मध्ये ठेवायचा. मात्र सर्व्हर ज्या यूपीएसवर आहे त्याच यूपीएसवर हा स्विचही हवा. नाहीतर वीज गेल्यावर सर्व्हर चालू राहतो आणि त्याच्यापर्यंत जाणारी वाट बंद होते.

बसवताना दोन गोष्टी हमखास चुकतात. अनेक स्विचांचा कंपनीतून आलेला पत्ता १९२.१६८.०.१ असतो आणि अनेक राउटरांचाही तोच असतो. म्हणून नवा स्विच आधी एकट्या लॅपटॉपला जोडून त्याला वेगळा पत्ता आणि नवा पासवर्ड द्यावा, मगच चालू नेटवर्कमध्ये आणावा. दुसरं म्हणजे सेटिंग लागू करणं आणि ते कायमचं साठवणं ही बऱ्याच स्विचांत दोन वेगळी बटणं असतात. दुसरं दाबलं नाही तर पुढच्या वेळी वीज जाऊन आली की मिररिंग गायब.

आता मिररिंगची सर्वांत मोठी मर्यादा, जी डेटाशीटवर सहसा लिहिलेली नसते. गीगाबिट पोर्टवर एकाच वेळी १ गीगाबिट आत आणि १ गीगाबिट बाहेर जाऊ शकतं. दोन्हींची नक्कल म्हणजे सेकंदाला २ गीगाबिट, आणि नक्कल सोडायचा पोर्ट एका दिशेला १ गीगाबिटचाच. जास्तीचं काही क्षण बफरमध्ये, म्हणजे स्विचच्या तात्पुरत्या मेमरीत, थांबतं. स्विचमध्ये दीड मेगाबिट बफर आहे असं धरलं, तर १ गीगाबिट जादा ट्रॅफिक तो दीड मिलिसेकंदात भरून टाकतं. त्यानंतरच्या फ्रेम स्विच गुपचूप टाकून देतो. मूळ वाहतुकीला सहसा धक्का लागत नाही, फक्त तुमची नक्कल अपुरी राहते. पोर्टच्या वापराची पाच मिनिटांची सरासरी २० टक्के दिसत असली तरी मधल्या एखाद्या क्षणी हे घडलेलं असू शकतं, कारण फाइल उघडणं किंवा रिपोर्ट काढणं हे काम झटक्यातच येतं.

हे ओळखायची एक खूण आहे. वायरशार्कमध्ये ‘टीसीपी एसीकेड अनसीन सेगमेंट’ असा इशारा वारंवार दिसला, तर समोरच्याने एखादं पॅकेट (फ्रेममधून जाणारा डेटा) मिळाल्याची पावती दिली आहे, पण ते पॅकेट तुमच्या नोंदीत नाही. म्हणजे नेटवर्क ठीक आहे, नक्कल गळते आहे. अशा वेळी एकच दिशा मिरर करावी, आधी सर्व्हरकडून बाहेर जाणारी आणि नंतर आत येणारी. एका वेळी अनेक पोर्ट मिरर केले तर उलटा घोळ होतो. तेच पॅकेट एका पोर्टवरून आत येताना आणि दुसऱ्यावरून बाहेर जाताना असं दोनदा नोंदवलं जातं, आणि वायरशार्क त्याला पुन्हा पाठवलेलं पॅकेट समजतं. नसलेला बिघाड शोधत दिवस जातो.

गळती निरीक्षणाच्या कॉम्प्युटरवरही होते. यूएसबी २ चं नेटवर्क अडॅप्टर कागदोपत्रीच ४८० मेगाबिटला थांबतं, त्यामुळे निदान यूएसबी ३ हवं. दोन नेटवर्क पोर्ट असलेला जुना डेस्कटॉप सर्वांत बरा: एक पोर्ट मिररसाठी, त्याला कोणताही आयपी पत्ता द्यायचा नाही, दुसरा दुरून काम करण्यासाठी. डिस्कचा हिशोबही आधी करावा. सरासरी १०० मेगाबिट ट्रॅफिक पूर्ण साठवलं तर तासाला ४५ जीबी होतं, दिवसाला एक टीबीहून जास्त. कोण कोणाशी बोलतंय एवढंच हवं असेल तर प्रत्येक पॅकेटचे पहिले १२८ बाइट पुरतात. त्यामुळे जागा वाचते आणि लोकांच्या कामातला मजकूरही बहुतांशी साठत नाही. ही दुसरी बाब तितकीच महत्त्वाची आहे. मिरर पोर्टला जोडलेला माणूस सांकेतिक रूपात नसलेलं सगळं वाचू शकतो, म्हणून या कॉम्प्युटरचा पासवर्ड एक-दोघांपुरताच ठेवावा आणि मोजणी चालू असल्याचं ऑफिसमध्ये सांगावं.

एसएनएमपीचं काम शांत असतं. प्रत्येक पोर्टवरून किती बाइट गेले याचा आकडा स्विच वाढवत राहतो. झॅबिक्स, लिब्रेएनएमएस किंवा कॅक्टाय यांसारखं मोफत सॉफ्टवेअर तो ठरावीक वेळाने वाचतं, दोन वाचनांमधला फरक घेतं, त्याला वेळेने भागतं आणि ८ ने गुणून बिटमध्ये दाखवतं. इथे फसायला होतं ते मोजणीच्या रुंदीमुळे. जुनी मोजणी ३२ बिटची आहे. ती ४,२९,४९,६७,२९५ बाइटपर्यंत जाते आणि जुन्या स्कूटरच्या मीटरसारखी पुन्हा शून्यावर येते. पूर्ण भरलेल्या गीगाबिट पोर्टवर सेकंदाला साडेबारा कोटी बाइट जातात, म्हणजे ३४ सेकंदांत एक फेरी. सॉफ्टवेअर पाच मिनिटांनी वाचत असेल तर मध्ये आठ फेऱ्या होऊन गेलेल्या असतात आणि आलेखावर एक दिसायला शहाणा, पण पूर्ण खोटा आकडा उमटतो. यावर उपाय ६४ बिटची मोजणी. त्याच वेगाने ती भरायला साडेचार हजारांहून जास्त वर्षं लागतील. मात्र एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीत ६४ बिटची मोजणी वाचताच येत नाही. म्हणून डेटाशीटवर ‘व्ही२सी’ किंवा ‘व्ही३’ लिहिलेलं हवं.

स्विचच्या याच मोजणीत चुकीच्या फ्रेमचा आकडाही असतो, आणि आपल्याकडच्या फाउंड्रीत तो फार कामाचा. मोठ्या मोटारीच्या ड्राइव्हला किंवा भट्टीच्या पॉवर केबलला लगटून नेलेल्या नेटवर्क केबलमध्ये फ्रेम खराब होतात. स्विच खराब फ्रेम दारातच टाकतो, त्यामुळे ती मिररमध्ये कधीच दिसत नाही. ती सापडते फक्त या आकड्यात. तिथेच पोर्टचा वेगही बघून घ्यावा. गीगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात. एक जोडी तुटली की पोर्ट अनेकदा मुकाट्याने १०० मेगाबिटवर उतरतो, आणि अकरा वाजताच्या अडकण्याचं कारण बरेचदा एवढंच निघतं.

जागेबद्दल थोडं. फाउंड्रीची धूळ पंख्यातून आत ओढली जाते, म्हणून बिनपंख्याचा, लोखंडी पत्र्याचा स्विच घ्यावा. दोन शेडमध्ये तांब्याची केबल उघड्यावरून नेली असेल तर वळवाच्या विजांनी दोन्ही टोकांचे पोर्ट जातात. तिथे फायबर हवी, म्हणजे स्विचला निदान एक एसएफपी खाच (फायबरचा जोड बसवायची जागा) हवी. पंचगंगेचं पाणी २०१९ आणि २०२१ मध्ये ज्या भागांत शिरलं, तिथे रॅक भिंतीवर उंच घेणं बरं.

सगळं बसलं की एक पूर्ण कामाचा आठवडा मोजणी चालू द्यावी, त्यात महिनाअखेर आली तर उत्तम. आलेखावर उंचवटा कोणत्या वेळी येतो ते कळलं की नेमक्या त्या अर्ध्या तासाचं मिररिंग साठवायचं. वायरशार्कच्या स्टॅटिस्टिक्स मेनूतलं कॉन्व्हर्सेशन्स उघडून बाइटच्या रकान्यावर क्लिक केलं की सर्वांत जास्त बोलणारी जोडी वर येते. ती जोडी सर्व्हर आणि क्लाउड बॅकअपची असेल तर बॅकअपची वेळ रात्री एकची करावी. रेकॉर्डरची असेल तर कॅमेरे वेगळ्या व्हीलॅनमध्ये टाकून, रेकॉर्डरसाठी मोठ्या स्विचपर्यंत स्वतंत्र केबल ओढावी.