स्टॅनफर्डने ‘अमेरिकन’ शब्दावर बंदी घातली? नाही हो
“स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटीत ‘अमेरिकन’ म्हणायला बंदी आहे” हे अजूनही कुणीतरी फॉरवर्ड करतंच, आणि मग खाली तीच ती भांडणं. झालं एवढंच की तिथल्या आयटीवाल्यांनी स्वतःच्या वेबसाइट्स आणि कोडमधले खटकणारे शब्द बदलायला एक यादी केली होती, म्हणजे ‘ब्लॅकलिस्ट’ऐवजी ‘डिनायलिस्ट’ वगैरे, जे सॉफ्टवेअरवाले बऱ्याच ठिकाणी तसंही करतात. त्यात ‘अमेरिकन’पण होता, कारण काय तर यादीच्या म्हणण्यानुसार उत्तर-दक्षिण मिळून अमेरिका म्हटलं की ४२ देश येतात, म्हणून एका देशाच्या लोकांना ‘अमेरिकन’ न म्हणता ‘यूएस सिटिझन’ म्हणा (आता अमेरिकन फुटबॉलला काय म्हणायचं देव जाणे).

डिसेंबर २०२२ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नल या अमेरिकन वृत्तपत्राने यादीची खिल्ली उडवली आणि गदारोळ झाला. स्टॅनफर्डच्या आयटीप्रमुखांनी लगेच सांगितलं की ‘अमेरिकन’वर बंदी नाही, खुशाल वापरा. जानेवारी २०२३ मध्ये तर यादीच काढून टाकली, स्टॅनफर्डचे अध्यक्षही म्हणाले की ती युनिव्हर्सिटीची पॉलिसी कधीच नव्हती. यादीतल्या काही नोंदी खरंच हास्यास्पद होत्या, त्यावर हसा की, पण वर्गात पोरांनी काय बोलावं याच्याशी तिचा काडीचा संबंध नव्हता.