मोस्ट व्हॅल्युएबल प्रोफेशनल (एमव्हीपी)

मायक्रोसॉफ्टची उत्पादने वापरणाऱ्यांना स्वेच्छेने व विनामोबदला तांत्रिक मदत करणाऱ्या, पण कंपनीच्या नोकरीत नसलेल्या व्यक्तींना कंपनीतर्फे दिला जाणारा वार्षिक सन्मान. ऑनलाइन व्यावसायिक समुदायांतील मदतनीस सदस्यांची दखल घेण्याच्या संस्थात्मक पद्धतींपैकी ही बहुधा सर्वांत जुन्यांतील एक होय. नाव अमेरिकी खेळांतील ‘मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर’ या किताबाच्या धर्तीचे आहे.

उगम : सन्मानाचा आरंभ साधारणपणे १९९३ च्या सुमाराचा मानतात. त्या काळी मायक्रोसॉफ्ट आपल्या ग्राहकांच्या शंकांचे निरसन कॉम्प्युसर्व्ह या डायल-अप (दूरध्वनीच्या तारेवरून जोडल्या जाणाऱ्या) सेवेवरील चर्चामंचांतून करीत असे. त्यांत फॉक्सप्रो या डेटाबेस प्रणालीचा मंच विशेष गजबजलेला होता (ती तयार करणारी फॉक्स सॉफ्टवेअर ही कंपनी मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये विकत घेतली). कॅल्विन ह्सिया हे तेव्हा स्वतंत्र प्रोग्रामर होते. पुढे ते मायक्रोसॉफ्टच्याच फॉक्स गटात गेले. मंचावर कोणी किती संदेश लिहिले आणि कोणाला किती आले, याची व्यक्तिवार यादी ते तयार करीत. ती ‘कॅल्विनची यादी’ म्हणून ओळखली जाई. कंपनीतील काहींच्या नजरेस ही यादी पडली व तीतून एमव्हीपीची कल्पना निघाली, असा वृत्तान्त फॉक्सप्रोवरील लेखिका टॅमार ग्रॅनर यांनी दिला आहे. मात्र त्यांनीही तो ऐकीव कथा म्हणूनच सांगितला आहे. पहिल्या दहांत येणे मानाचे की चिंतेचे, यावर खुद्द मंचावरच चर्चा चाले, असेही त्या नमूद करतात.

हा वृत्तान्त सर्वस्वी नाकारण्याचे कारण दिसत नाही; पण तो जपून स्वीकारावा लागतो. यादी संदेशांची संख्या मोजत होती, उत्तराचा दर्जा नव्हे. अखंड वाद घालणारा सदस्यही तीत वर चढू शकला असता. त्यामुळे यादीने नावे नजरेस आणली आणि निवड कंपनीच्या माणसांनी आपल्या पारखीने केली, हे अधिक संभवनीय वाटते.

स्वरूप : सन्मान एका वर्षापुरता असतो. मागील बारा महिन्यांतील काम पाहून तो दरवर्षी नव्याने ठरतो. पूर्वी वर्षातून चारदा निवडी होत. अलीकडे मुख्य निवड जुलैत जाहीर होते. रोख रक्कम दिली जात नाही. सॉफ्टवेअरचे परवाने, गोपनीयतेच्या करारावर उत्पादन गटांशी थेट संपर्क आणि कंपनीचे मुख्यालय असलेल्या रेडमंड परिसरातील वार्षिक संमेलनाचे निमंत्रण हे लाभ होत. यांतील दुसरा लाभ जाणकारांना सर्वांत मोलाचा वाटतो.

१९९९ चा प्रसंग : त्या वर्षी मे महिन्यात अमेरिका ऑनलाइन या इंटरनेट सेवा कंपनीच्या माजी स्वयंसेवकांनी, आपण केलेले काम प्रत्यक्षात नोकरीच होती, असे म्हणत किमान वेतनासाठी दावा लावला. त्याच वर्षी शरद ऋतूत मायक्रोसॉफ्टने एमव्हीपी बंद करण्याचे ठरविले व सदस्यांच्या निषेधानंतर थोड्याच काळात ते मागे घेतले. या निर्णयामागे त्या दाव्याचीच धास्ती होती, असे सामान्यतः मानले जाते. दाव्यात २०१० मध्ये सुमारे दीड कोटी डॉलरवर तडजोड झाली.

गुणांकनाची पर्यायी पद्धत : २००८ मध्ये जेफ अ‍ॅटवुड व जोएल स्पोल्स्की यांनी सुरू केलेल्या स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाने निवडसमितीऐवजी वाचकांची मते मोजली. उत्तराला पसंतीचे मत मिळाल्यास १०, प्रश्नकर्त्याने उत्तर स्वीकारल्यास १५ गुण मिळतात. नापसंतीला २ वजा होतात. मतांतून दिवसाला २०० गुणांहून अधिक मिळत नाहीत. प्रश्नावरील पसंतीचे गुण आधी ५ होते, नोव्हेंबर २०१९ मध्ये ते १० केले गेले. गुण वाढतील तसे अधिकार वाढतात : १५ गुणांवर पसंतीचे मत, ५० वर कोणत्याही नोंदीखाली टिप्पणी, २,००० वर इतरांच्या मजकुराचे थेट संपादन. येथील सन्मान म्हणजे कामच अधिक सोपविणे होय, हा एमव्हीपीशी असलेला खरा भेद.

ठरावीक कामांबद्दल स्टॅक ओव्हरफ्लोवर पदकेही (बॅज) मिळतात. त्यांच्या परिणामाविषयी अँडरसन, हटनलॉकर, क्लाइनबर्ग व लेस्कोव्हेक यांचा २०१३ चा अभ्यास उल्लेखनीय आहे. पदक जवळ येते तसा सदस्य त्यासाठी लागणारे काम वाढवतो व ते मिळताच ते काम घटते, असे त्यांना याच संकेतस्थळाच्या नोंदींत आढळले.

ऑरॅकल कंपनीचा ‘एस’ (ACE) व सेल्सफोर्स कंपनीचा त्याच नावाचा एमव्हीपी हे सन्मान मायक्रोसॉफ्टच्या सन्मानासारखेच आहेत.